खाडीची बाजू, देवळाची बाजू

जबाब
दिनांक १९ जानेवारी २०२५

नाव दक्षता गुणाजी केणे, वय २३ वर्षे, शिक्षण बी.एस्सी. (भौतिकशास्त्र), व्यवसाय वडिलांच्या गॅरेजमध्ये काम, राहणार रेतीबंदर रस्ता, डोंबिवली पश्चिम, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मला सर्वांत आधी असा प्रश्न विचारण्यात आला: मारहाण चालू असताना तुझे वडील गुणाजी यांच्या हातात दीड फुटी लोखंडी पाना होता, तरी त्यांनी एकदाही हात का उचलला नाही? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. बाकी मी जे पाहिले, जे केले आणि ज्याला मी कारण झाले, ते पुढे सांगते.

आमचे गॅरेज घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. पत्र्याची लांब, अरुंद शेड असून एका लांब भिंतीकडे खाडी आणि दुसऱ्या भिंतीकडे गावदेवीचे देऊळ आहे. गाडी आत घेतली की ती वळवायला जागा राहत नाही. त्यामुळे प्रत्येक गाडी तोंड आत करून घ्यायची आणि काम संपल्यावर मागे मागे बाहेर काढायची, अशी पहिल्यापासूनची पद्धत आहे. याच कारणाने आमच्याकडे गाडीची डावी बाजू, उजवी बाजू असे कोणी म्हणत नाही. खाडीची बाजू आणि देवळाची बाजू असे म्हणतात. आमचे मिस्त्री गणू तांडेल, वय ५४, हे एकोणीस वर्षे आमच्याकडे काम करतात. मी त्यांना गणूकाका म्हणते. त्यांना डावे-उजवे सांगितले की ते विचारतात, "बसून का समोर उभा राहून?" खाडी आणि देऊळ मात्र जागा बदलत नाहीत, त्यामुळे त्यात कधी गोंधळ झाला नाही.

मी जून २०२३ पासून गॅरेजमध्ये काम करते. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच आहे. मला एमआयडीसीतील एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी मिळत होती. परंतु आपल्याच गॅरेजमध्ये काम शिस्तीने आणि कागदावर आणता येईल असे मला वाटले. सोडलेल्या प्रत्येक भागाला पुठ्ठ्याचा टॅग तारेने बांधायचा, भाग बसवला की टॅग काढून फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा आणि गाडी चालवून पाहिल्यावरच टॅग फेकायचा, ही पद्धत मी सुरू केली. ब्रेकचे काम केलेली गाडी चालवून पाहिल्याशिवाय चावी दिली जाणार नाही, अशी पाटीही मी लावली. गिऱ्हाइकाने कुरकूर केली की वडील म्हणायचे, "आमची बाय सायन्सची हाय. मलाच ऐकावं लागतं, तुमची काय कथा."

गुरुवार दि. १६ जानेवारी रोजी सकाळी दहाच्या सुमारास शेजारच्या गावातील चिराग मढवी, वय अंदाजे ३१, याने आपली पांढरी सात आसनी व्हॅन आणली. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, अशी त्याची तक्रार होती. शनिवारी पहाटे आई आणि नातेवाईक मिळून नऊ जणांना घेऊन एकविरेला जायचे आहे, म्हणून शुक्रवारी दुपारी गाडी हवी, असे तो म्हणाला. वडिलांनी हो म्हटले. गणूकाकांनी पुढची चाके काढून पाहिले. पॅड संपले होते आणि एका कॅलिपरचा पिस्टन अडकला होता. कॅलिपर म्हणजे चाकाच्या तबकडीला दोन्हीकडून धरून पॅड दाबणारा भाग. तेल दाबून पुढे ढकलणारा मास्टर सिलिंडरही गळत होता. या मॉडेलचे पुढच्या ब्रेकचे काम आमच्याकडे पहिल्यांदाच आले होते. गणूकाकांनी दोन्ही कॅलिपर सोडले. मी निळ्या मार्करने दोन टॅग लिहिले, एकावर खाडी आणि दुसऱ्यावर देऊळ, आणि बांधले. त्या वेळी गाडीचे तोंड आत होते.

दुपारी एक वाजता गणूकाका पुतणीच्या साखरपुड्याला गेले. वडील सामान आणायला ठाण्याला खोपटला गेले. तीनच्या सुमारास मासळीचा एक टेम्पो तातडीने, गाडीखाली उभे राहून काम करायच्या खड्ड्यावर घ्यावा लागला, म्हणून मी शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातील माणसांना बोलावून व्हॅनची चाके तात्पुरती लावली आणि ती ढकलत बाहेर काढली. टेम्पो गेल्यावर व्हॅन परत आत घेताना मी त्यांना सांगितले की, तोंड बाहेर करून घ्या, म्हणजे उद्या चालवून पाहायला सरळ रस्त्यावर काढता येईल. ही कल्पना माझी होती आणि ती मला चांगली वाटली होती. व्हॅन उलटी आत आली. टॅग टेबलावरच्या कॅलिपरना जसे बांधले होते तसेच राहिले. गाडी वळली तेव्हा तिची खाडीची बाजू देवळाकडे गेली, हे माझ्या लक्षात आले नाही.

शुक्रवार दि. १७ रोजी सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळात गणूकाकांनी मास्टर सिलिंडर बदलला आणि नवीन सील टाकलेले कॅलिपर टॅग वाचून बसवले. गाडीचे तोंड बाहेर असल्याचे त्यांनी पाहिले होते. टॅग गाडी वळवल्यानंतर मी बदलून बांधले असतील, असे त्यांना वाटले. त्यांनी मला विचारले नाही, कारण टॅगवर लिहिलेले विचारायचे नाही, असे मीच त्यांना दीड वर्षापूर्वी सांगितले होते.

त्यानंतर आम्ही ब्रेकमधली हवा काढायला घेतली. गणूकाका पेडलवर बसले आणि मी चाकाशी आडवी झाले. मी "दाबा" म्हणायचे, ते दाबून "धरलंय" म्हणायचे, मग मी कॅलिपरवरचे निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, सैल करायचे आणि तेल बाहेर यायचे. चारही चाकांना हे चार वेळा केले. तेलाचे दोन डबे संपले. पुढच्या निपलमधून स्वच्छ तेल येत होते, एकही बुडबुडा नव्हता. तरीही पेडल एका दाबात खालपर्यंत जात होते. तीन-चार वेळा भराभर दाबले तर ते वर येऊन घट्ट लागायचे, परंतु थोडे थांबले की पुन्हा मऊ. गणूकाका म्हणाले, "बाय, हे पेडल नाय, उशी हाय. डोकं ठेवून झोपावंसं वाटतं."

या दरम्यान चिरागचे दोन फोन आले. पावणेबाराला वडिलांनी त्याला दोन तास लागतील म्हणून सांगितले. दोन वाजता पुन्हा दोन तास सांगितले. दुसऱ्या फोनच्या वेळी वडिलांनी फोन माझ्याकडे दिला. मी सांगितले की, पेडल मऊ आहे, त्यामुळे चावी देता येणार नाही, एकविरेहून येताना घाट उतरायचा आहे. त्यावर तो म्हणाला, "तू कोण चावी न देणारी? बापाला दे फोन." मी दिला नाही.

सव्वाचारला वडिलांनी पुढच्या कॅलिपरना तेल नेणाऱ्या दोन्ही रबरी नळ्यांना चिमटे लावले आणि पेडल दाबले. ते दगडासारखे घट्ट लागले. चिमटे काढले तसे मऊ झाले. म्हणजे दोष पुढच्या दोन कॅलिपरमध्ये होता, एवढे नक्की झाले. ते बॅटरी घेऊन गाडीखाली गेले. दोन-तीन मिनिटांनी बाहेर आले आणि स्टुलावर बसले. त्यांनी गाडीच्या तोंडाकडे पाहिले, मग खाडीकडे पाहिले. मी काय झाले म्हणून विचारले. ते म्हणाले, "काय नाय. तू चहा सांग." मी चहा सांगायला वळले तेव्हा ते फळीजवळ जाऊन खिळ्यावरून काहीतरी काढत होते. कामाचा कागद काढत असतील, असे मला वाटले.

चार वाजून पन्नास मिनिटांनी चिराग मढवी, त्याचा चुलतभाऊ सुदेश मढवी, वय अंदाजे २८, आणि नाव माहीत नसलेले दोन इसम दोन मोटारसायकलींवरून आले. चिरागने विचारले, "झाली?" वडील म्हणाले, "आणखी दोन तास दे. आता कळलंय काय झालंय ते."

"तिसऱ्यांदा दोन तास? आय माझी सकाळपासून पिशव्या भरून अंगणात बसलीय. सासरवाडीची माणसं घ्यायला भिवंडीला जायचंय सहाला. गाडी चांगली होती ती बिघडवून ठेवली. कुणी बिघडवली?"

वडील म्हणाले, "माझ्याकडून झाली चूक. मीच नीट करतो."

चिराग व्हॅनमध्ये बसला आणि त्याने पेडल भराभर चार-पाच वेळा दाबले. ते वर आले. तो ओरडला, "हे काय, टाईट हाय की! येडा समजता काय?" मी खिडकीशी जाऊन सांगितले की, पाय काढा, दहापर्यंत मोजा आणि मग एकदाच दाबा. आतमध्ये हवा आहे, तेल दबत नाही, हवा दबते. तो म्हणाला, "शिकवतेस मला?" त्याने चावी मागितली. चावी माझ्या उजव्या मुठीत होती. मी दिली नाही.

चिराग खाली उतरला आणि त्याने गणूकाकांच्या कानशिलात मारली. ते त्याच्या जवळ उभे होते, एवढेच कारण मला दिसले. वडील मध्ये आले. चिरागने त्यांची कॉलर धरून त्यांना व्हॅनच्या बाजूवर आदळले. सुदेशने जमिनीवरचा जॅकचा लोखंडी दांडा उचलला आणि वडिलांच्या डाव्या खांद्यावर दोन वेळा मारला. दुसऱ्या वेळी हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वडील खाली बसले. सुदेशने गुडघ्यावर मारले. वडिलांच्या उजव्या हातात पाना होता. मी ओरडले, "बाबा, उचला!" त्यांनी माझ्याकडे पाहिले. पाना उचलला नाही आणि सोडलाही नाही. रुग्णालयात नेईपर्यंत तो त्यांच्या हातात होता, तेथील कर्मचाऱ्यांनी बोटे एकेक करून उघडून तो सोडवला.

गणूकाका सुदेशच्या कमरेला मिठी मारून त्याला ओढू लागले, तेव्हा नाव माहीत नसलेल्या एका इसमाने त्यांच्या तोंडावर मोटारसायकलचे हेल्मेट मारले. त्यांचे दोन दात पडले. ते दात मला नंतर तेलाच्या ट्रेशेजारी सापडले व मी ते रुमालात ठेवले आहेत. दुसऱ्या इसमाने वडिलांच्या पोटात व बरगड्यांवर लाथा मारल्या. किती, ते मी मोजले नाही.

सुदेशने दांडा चौथ्यांदा, वडिलांच्या डोक्याच्या रोखाने उचलला. मी ट्रेमधले वापरलेले ब्रेक ऑइल, अंदाजे अर्धा लिटर, त्याच्या तोंडावर फेकले. ते डोळ्यांत गेले तर काय होते हे मला माहीत होते. मी डोळ्यांवर नेम धरून फेकले. दांडा त्याच्या हातातून पडला व तो ओरडत दोन्ही हात तोंडावर घेऊन बाहेरच्या दिशेने गेला. शेडच्या तोंडाशी देवळाच्या बाजूला विटांचा खांब आहे व त्याला पाण्याचा नळ आहे. तो खांबाशी वाकून डोळ्यांवर पाणी मारू लागला. ही बाब मी जबाबात सांगू नये, असे मला आमच्या घरातील माणसांनी सांगितले होते.

त्यानंतर चिरागने मला केसांना धरून खाली पाडले, माझी मूठ जमिनीवर दाबली आणि तिच्यावर बूट ठेवला. मूठ उघडत नाही म्हटल्यावर त्याने बुटावर वजन दिले. माझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटे मोडली. त्याने चावी घेतली. वडील जमिनीवरून म्हणाले, "चिराग, नको नेऊस. पाय ठेवलास की खाली जाईल. तुझी आय बसनार हाय त्यात." हे शब्द मी स्पष्ट ऐकले. चिरागनेही ऐकले असावेत, कारण तो म्हणाला, "आयचं नाव घेऊ नको."

त्याने व्हॅन सुरू केली. तिचे तोंड बाहेर असल्याने ती सरळ रस्त्याकडे निघाली. मी आदल्या दिवशी ती तशी उभी केली नसती, तर तिला आधी मागे यावे लागले असते. शेडच्या तोंडाशी उतार आहे. सुदेश खांबाशी वाकलेला होता व त्याला दिसत नव्हते. चिरागने त्याला पाहिले असावे, कारण तो "सुद्या, हट!" असे ओरडला. त्याचा पाय ब्रेकवर गेला असणार, कारण मागचे लाल दिवे लागले. व्हॅनचा वेग कमी झाला, परंतु ती थांबली नाही. सुदेशचा उजवा पाय बंपर आणि खांब यांच्यामध्ये गुडघ्याखाली चिरडला. वेळ पाच वाजून चार मिनिटे. मी मोबाइलवर वेळ पाहून रुग्णवाहिकेला फोन केला, म्हणून मला माहीत आहे.

व्हॅन मागे घेईपर्यंत सुदेश ओरडत होता, नंतर ओरडायचा थांबला. इतर दोन इसम मोटारसायकलींवरून निघून गेले. चिराग भावाचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. गणूकाका तोंडातून रक्त येत असताना त्यांच्याजवळ गेले आणि आपल्या कमरेचा पट्टा काढून त्यांनी सुदेशची मांडी आवळून बांधली. चिराग त्यांना म्हणाला, "घट्ट बांध, काका." त्याच्या दहा मिनिटे आधी त्याने त्यांना मारले होते. मी वडिलांजवळ बसले होते.

सुदेशला नौपाडा येथील हाडांच्या रुग्णालयात नेण्यात आले. त्याचा पाय राहील की कापावा लागेल, हे उद्या समजेल असे मला कळले आहे. त्याचे डोळे शाबूत आहेत. वडील आणि गणूकाका डोंबिवलीतच दाखल आहेत. वडिलांचा खांदा, गुडघ्याची वाटी व चार बरगड्या मोडल्या आहेत.

शुक्रवारी रात्री आठच्या सुमारास रुग्णालयातील नर्सने मला वडिलांचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत दिले. शर्ट कापून काढलेला होता. त्याच्या खिशात दोन पुठ्ठ्याचे टॅग होते. एकावर खाडी, दुसऱ्यावर देऊळ. अक्षर माझे. ते पाहिल्यावर वडील गाडीखालून बाहेर येऊन कशाकडे पाहत होते ते मला समजले. पहिल्या प्रश्नाशी या टॅगचा संबंध आहे का, ते मी सांगू शकत नाही. मी त्यांना विचारलेले नाही.

शनिवारी सकाळी माझे चुलते देवेश केणे हे घरी आले. गावातल्या चार माणसांशी आपले बोलणे झाले आहे, असे ते म्हणाले. मढवींकडचे लोक आमच्यावर उलट तक्रार देणार आहेत, गॅरेजवाल्यांनी ब्रेक बिघडवला म्हणून पाय गेला. तेव्हा कोणाचे तरी नाव लागणार. ते मला म्हणाले, "नट कुणी आवळले? गणूने. मग गणूचं नाव सांग, यात खोटं काय हाय? तो एकटा जीव. तुझं लग्न व्हायचंय. तुझ्या नावावर केस पडली तर सरकारी नोकरीचा फॉर्म तरी भरता येईल काय?" मी सांगितले की, नट त्यांनी आवळले, पण टॅग मी लिहिले. त्यावर ते म्हणाले, "टॅग कुणी बघितलेत? शिकलीस ती घर बुडवायला शिकलीस काय?" आई चुलीपाशी होती. तिने देवेशकाकांना चहा दिला नाही.

त्याच दिवशी अकरा वाजता मोटार वाहन निरीक्षक पंचनाम्यासाठी आले. व्हॅनला कोणी हात लावलेला नव्हता. मी त्यांना पुढच्या चाकामागे वाकून पाहायला सांगितले. कॅलिपरवरचे निपल वरच्या टोकाला असायला हवे, ते खालच्या टोकाला होते. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला की असे होते. हवा वर जाते. निपल खाली असले की खालचे स्वच्छ तेल बाहेर येते आणि हवा वरच राहते, कितीही वेळा काढली तरी. हे मी महाविद्यालयात नाही, सातवीत शिकले. शुक्रवारी मी त्या निपलपासून वीतभर अंतरावर आडवी पडून चार वेळा ते उघडले आहे.

निरीक्षकांनी फोटो व नोंदी घेतल्या. माझे म्हणणे खरे आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी पंचांसमक्ष दुसऱ्या गॅरेजच्या मिस्त्रीकडून दोन्ही कॅलिपरच्या बाजू बदलून घेतल्या. निपल वर आले. पहिल्याच दाबाला तेलातून फेसासारखे बुडबुडे आले, नंतर बराच वेळ येत राहिले, मग थांबले. निरीक्षकांनी पेडलवर पाय ठेवला. ते अर्ध्यावर थांबले आणि तिथेच राहिले. ते म्हणाले, "आता बरोबर आहे. एवढंच होतं?" मी हो म्हणाले. सर्व मिळून पन्नास मिनिटे लागली. वडिलांनी दोन तास मागितले होते.

दुपारी मी गणूकाकांना भेटले. त्यांच्या ओठाला टाके आहेत, त्यामुळे त्यांचे बोलणे नीट समजत नव्हते. मी त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "माझंच नाव टाक, बाय. मीच बसवली ना? निपल खाली दिसलं होतं मला. म्हटलं, ह्या गाडीचं असंच असंल." मी म्हणाले, टॅगवर लिहिलेले विचारायचे नाही, असे मी सांगितले होते म्हणून तुम्ही विचारले नाही. त्यावर ते म्हणाले, "दातांचं मनाला लावून घेऊ नको. तसे पण हलतच होते." मी रुमालातले दात त्यांना दाखवले. ते हसले, टाके ओढले गेले, म्हणून हसायचे थांबले.

चार वाजता भेटीच्या वेळेत मी वडिलांकडे गेले. त्यांना फार बोलायला मनाई आहे. त्यांनी विचारले, "माझा शर्ट?" मी म्हणाले, घरी आहे. ते म्हणाले, "खिशात चिठ्ठ्या हायत. जाळून टाक." मी म्हणाले, जाळते. त्यांनी विचारले, "वाचल्यास?" मी नाही म्हणाले. या दोन्ही गोष्टी मी त्यांच्याशी खोट्या बोलले.

आज सकाळी नऊ वाजता, म्हणजे हा जबाब सुरू होण्याआधी, मी ते दोन्ही टॅग ठाणे अंमलदारांकडे जमा केले असून त्याची पावती माझ्याकडे आहे. चिराग व सुदेश मढवी आणि त्यांच्यासोबतच्या दोन इसमांनी माझे वडील, गणू तांडेल व मला मारहाण केल्याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी मागे घेणार नाही. त्याचबरोबर व्हॅन उलटी उभी करणे व टॅग न बदलणे ही माझी चूक आहे आणि सुदेशच्या डोळ्यांत तेल मी फेकले आहे. या दोन गोष्टींमुळे त्याच्या पायाचा दोष किती माझ्याकडे येतो आणि गाडीचे पेडल मऊ आहे हे सांगूनही ती नेल्याने किती चिरागकडे जातो, ते ठरवणे माझे काम नाही.

लिहून झाल्यावर हा जबाब महिला हवालदारांनी मला मराठीतून सावकाश वाचून दाखवला. दुसऱ्या पानावर घाईत "मिस्त्री गणू तांडेल यांनी कॅलिपर चुकीच्या बाजूस बसविल्याने" असे लिहिले गेले होते. मी वाचन तिथे थांबवले. ती ओळ खोडून "दक्षता केणे हिने गाडी वळवून टॅग तसेच ठेवल्याने" असे लिहून घेतले. बाकीचे मी सांगितले तसेच उतरले आहे. माझ्या उजव्या हाताला प्लास्टर असल्याने अंगठा चालेल, असे मला सांगण्यात आले. आमच्या घरातून आजवर अशा कागदांवर अंगठेच उमटले आहेत. मी खोडलेल्या ओळीच्या शेजारी एक आणि खाली एक, अशा दोन सह्या डाव्या हाताने केल्या आहेत.

(सही)
दक्षता गुणाजी केणे